उलटं टांगलेलं चित्र

पत्र आलं तेव्हा ओनेझीम गारदेलची अर्धी दाढी झाली होती. उरलेली अर्धी तशीच ठेवून त्यानं साबणाच्या हातानंच पाकीट फोडलं आणि स्वयंपाकघरात येऊन कागद बायकोच्या नाकापुढे नाचवला.

‘‘फिलो, ब्रेसाकहून आलंय! संग्रहालयाकडून! मला बोलावलंय त्यांनी.’’

फिलोमेननं चष्मा शोधला, खिडकीशी जाऊन पत्र वाचलं, आणि मग पुन्हा एकदा वाचलं. आदरणीय मास्तरांच्या ‘पुरानंतरची सकाळ’ या कृतीची सद्यःस्थिती पाहता ती दालनातून हलवण्याचा विचार समितीला नाइलाजानं करावा लागत होता. बैठक बारा ऑगस्टला होती. तत्पूर्वी मास्तरांनी येऊन सल्ला दिला तर समिती त्यांची आभारी राहणार होती. सरकारी माणसं धोंडासुद्धा रेशमी रुमालात बांधून मारतात, आणि ओनेझीमला नेहमी रुमालच दिसायचा.

‘‘हलवणार म्हणजे मोठ्या दालनात नेणार,’’ तो म्हणाला. ‘‘मधल्या भिंतीवर. सल्ला कशाला हवाय? उजेड कुठल्या बाजूनं हवा, ते विचारायचं असेल.’’

‘‘असेल,’’ फिलोमेन म्हणाली. ‘‘आधी दाढी पुरी करा.’’

तिला वाद घालायचा कंटाळा आला होता. तो काही आजचा नव्हता, चाळीस वर्षांचा साठलेला होता.

ओनेझीम एकोणसत्तर वर्षांचा होता आणि त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखी एकच गोष्ट घडली होती. १८३६ साली, एकोणतिसाव्या वर्षी, पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात त्याच्या भल्यामोठ्या चित्राला पदक मिळालं. पुरात बुडालेलं गाव, फुटलेलं पहाटेचं आभाळ, आणि घराच्या पडक्या भिंतीवर लेकराला छातीशी धरून उभी असलेली बाई. वर्तमानपत्रांनी त्या बाईच्या चेहऱ्यावर रकानेच्या रकाने लिहिले. सरकारनं चित्र विकत घेतलं आणि दक्षिणेत कुठल्या कुठे, ब्रेसाक नावाच्या गावच्या संग्रहालयात पाठवून दिलं. त्यानंतर मात्र जे उतरणीला लागलं ते लागलंच. पुढच्या वर्षी पाठवलेली दोन्ही चित्रं परत आली. नापसंत चित्राच्या पाठीवर परीक्षक लाल शाईत ‘आर’ अक्षराचा शिक्का मारतात. गारदेलांच्या माळ्यावर अशा लाल शिक्क्यांची एक फळीच्या फळी भरली. पोटासाठी त्यानं वाण्यांची आणि दंतवैद्यांची व्यक्तिचित्रं केली, खेड्यापाड्यांच्या चर्चसाठी क्रूस वाहणारे येशू केले, मुलींच्या शाळेत वीस वर्षं फुलदाण्या काढायला शिकवलं. पण कुठेही जेवायला बसला की सूप संपायच्या आत तो म्हणायचा, ‘‘माझं एक चित्र संग्रहालयात आहे.’’ आणि फिलोमेन ताटाकडे बघत पाव मोडायची.

ताटाकडे बघायला तिला कारण होतं. ती रंगवाल्याची मुलगी. बापाच्या दुकानात काचेच्या पाट्यावर रंग घोटत ती मोठी झाली होती, आणि कुठला रंग किती दिवसांत वाळतो हे तिला पाढ्यांसारखं पाठ होतं. त्या काळात सगळ्या तरुण चित्रकारांना डांबराचं वेड लागलं होतं. डांबर तेलात वितळवून घेतलं की असा काही खोल, मऊ, तपकिरी रंग यायचा की कालचं चित्र दोनशे वर्षांचं जुनं वाटावं. स्टुडिओत त्याला ते ‘रस्सा’ म्हणत. ‘‘अजून जरा रस्सा ओत,’’ असं एकमेकांना ओरडून सांगत. फिलोमेनचा बाप डांबर विकायचा, पण विकताना तोंड वाकडं करायचा. ते कधीच वाळत नाही, वरून नुसतं वाळल्यासारखं दिसतं, असं त्यानं लेकीला दहा वेळा सांगितलं होतं.

तेच तिनं लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात नवऱ्याला सांगितलं. चुकलं एवढंच की चार मित्र बसलेले असताना सांगितलं. ओनेझीम हसला. म्हणाला, ‘‘तुझे वडील रंग विकतात, फिलो. चित्रं आम्ही काढतो.’’ मित्रही हसले. त्यानंतर ती गप्प बसली. महिनोन्‌महिने ती भिंतीवरची बाई म्हणून अनवाणी उभी राहिली, रोज सकाळी त्याच्यासाठी डांबर वितळवलं, आणि एक शब्द बोलली नाही.

शेवटच्या आठवड्यात मात्र एक झालं. चित्र पाठवायची तारीख चार दिवसांवर आली आणि डांबराचा डबा संपला. कार्निव्हलचे दिवस, दुकानं बंद, बापही गावाला गेलेला. फिलोमेननं घरात होती ती भाजलेली तपकिरी माती घेतली, काळ्याची चिमूट घातली, जवसाच्या तेलात घोटली आणि त्याच डब्यात भरून नवऱ्यापुढे ठेवली. त्यानं त्या रंगानं डावा खालचा कोपरा पुरा केला. त्याला काही कळलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

आता ‘सद्यःस्थिती’ हा शब्द वाचल्याबरोबर तिला तो डांबराचा डबा आठवला होता. चित्र भिंतीवरून उतरलं तर नवऱ्याकडे काय उरणार होतं? एक वाक्य होतं त्याच्याजवळ. तेवढंच.

ब्रेसाकपर्यंत आगगाडीचा दीड दिवसाचा प्रवास, तोही लाकडी बाकांवर आणि ऐन ऑगस्टमध्ये. ओनेझीमनं पदक घेताना घातलेला काळा कोट अंगातून उतरवला नाही. डब्यातल्या कोंबड्या घेतलेल्या बाईलासुद्धा त्यानं संग्रहालयाचं सांगितलं. ‘‘अगं बाई!’’ ती म्हणाली, आणि कोंबडी दुसऱ्या मांडीवर घेतली. फिलोमेन खिडकीबाहेर बघत होती. चाळीस वर्षांत त्यानं एकदाही इथे यायचं नाव काढलं नव्हतं. आधी गाडी नव्हती, मग सवड नव्हती; पण खरं म्हणजे लांबून ते चित्र जास्त चांगलं दिसत होतं, असं तिला वाटायचं.

संग्रहालय म्हणजे जोगिणींचा जुना मठ होता. दारात बातिस्त नावाचा पहारेकरी खुर्ची टाकून शेंगा सोलत होता. जुना शिपाईगडी, डाव्या हाताला दोनच बोटं, पण शेंगा भराभर सुटत होत्या. ओनेझीमनं त्याला नाव सांगितलं नाही. हॅट काढून हातात धरली आणि देवळात शिरावं तसा तो लांब दालनात शिरला. बातिस्त शेंगांचं टोपलं घेऊन मागोमाग आला.

दालनाच्या टोकाला एक अवाढव्य काळा चौकोन होता. ओनेझीम त्याच्यासमोर उभा राहिला. मान डावीकडे वाकडी केली, मग उजवीकडे. दोन पावलं मागे आला.

‘‘हे काय आहे?’’ त्यानं विचारलं.

‘‘पूर,’’ बातिस्त म्हणाला. ‘‘म्हणजे पुरानंतरचं काहीतरी. उलटं लावलंय.’’

‘‘उलटं का?’’

‘‘उन्हाळा ना, साहेब. या भिंतीवर दुपारी ऊन येतं. रंग पातळ होतो आणि निघतो खाली. त्यातल्या बाईचा डावा डोळा दर उन्हाळ्यात गालावर उतरायचा. मग आमचे जुने अध्यक्ष म्हणाले, ऑगस्टभर उलटं टांगा, डोळा आपल्या पायानं वर जाईल. आणि गेला की! चांगली आठ वर्षं गेला-आला. पण एका वर्षी सप्टेंबरात सरळ करायचं राहून गेलं, तर केसांत घुसला. आता काही सापडत नाही.’’

फिलोमेननं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं ओळखलं होतं. ओळखलं होतं आणि अजून मानत नव्हता.

‘‘कुणाचं आहे?’’ त्यानं विचारलं.

‘‘कुणा गारदेलचं. पॅरिसचा आहे म्हणतात. मेला असेल आता. जिवंत असता तर इतक्या वर्षांत एकदा तरी बघून गेला असता, नाही का?’’

ओनेझीमनं हातातली हॅट पुन्हा डोक्यावर घातली. मग म्हणाला, ‘‘मीच गारदेल.’’

बातिस्तनं टोपलं खाली ठेवलं, खिशातून टोपी काढून डोक्यावर घातली आणि ताठ उभा राहिला. त्याला खरोखर वाईट वाटलं होतं, पण जित्याजागत्या चित्रकारासमोर उभं राहायची त्याची पहिलीच वेळ होती, आणि त्याच्या मनात वर्षानुवर्षं एक प्रश्न होता.

‘‘मग मास्तर, आता तुम्हीच सांगा,’’ तो म्हणाला. ‘‘डोळा नेमका कुठे होता?’’

फिलोमेननं ओनेझीमला बाकावर बसवलं. तो बसला. इतका मुकाट्यानं तो तिचं कधी ऐकत नसे, आणि ते पाहून तिचाच जीव खाली-वर झाला.

तेवढ्यात पत्र लिहिणारे नवे अध्यक्ष धावत आले. रूस्ताँ त्यांचं नाव. तिशीतले, सकाळी शाळेत चित्रकला शिकवणारे, बाह्यांना खडूचा पांढरा डाग. मास्तर खरंच येतील असं त्यांना वाटलं नव्हतं. मास्तरांच्या पायावर पडावं की माफी मागावी हे न कळून त्यांनी चार माणसं बोलावली आणि दोरखंड लावून चित्र आधी सरळ करून घेतलं.

सरळ केल्यानं फार फरक पडला नाही. आभाळ तव्याच्या पाठीसारखं झालं होतं. पाणी कुठलं आणि भिंत कुठली ते कळत नव्हतं. ज्या चेहऱ्यावर वर्तमानपत्रांनी रकाने लिहिले, तिथे भेगाळलेला एक फुगीर डाग होता. फिलोमेन पुढे झाली. सव्विसाव्या वर्षीचा आपला चेहरा बघायला मिळेल, असं तिला आतून कुठेतरी वाटत होतं. तिनं ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं, आणि आता तसं वाटल्याची तिला लाज वाटली.

मग तिची नजर खाली गेली. डाव्या कोपऱ्यात, फळकुटाएवढ्या जागेत, सगळं जिथल्या तिथे होतं. भिंतीच्या ओल्या दगडावर बाईची दोन अनवाणी पावलं. थंडीनं अंगठा आत वळलेला. पावलांना चिकटून भिजलेलं कुत्रं, आणि त्याच्या पाठीवरच्या केसांत पहाटेचा उजेड. एकही भेग नव्हती.

‘‘हेच मला विचारायचं होतं, मास्तर,’’ रूस्ताँ वाकून म्हणाले. ‘‘बाकी सगळं डांबरानं खाल्लं. पण एवढा कोपरा दगडासारखा घट्ट आहे. आणि काय काढलाय! मी मुलांना घेऊन येतो तेव्हा त्यांना हीच पावलं बघायला लावतो. इथे आपण कुठला रंग वापरला होता?’’

‘‘तोच,’’ ओनेझीम म्हणाला. ‘‘सगळीकडे एकच डबा होता.’’

‘‘शक्य नाही. माफ करा, पण शक्य नाही.’’

ओनेझीमनं हळूच मान वळवली आणि बायकोकडे पाहिलं. ‘‘फिलो?’’

तिला खोटं बोलता आलं असतं. आठवत नाही म्हटलं असतं तर कुणी खोदून विचारलं नसतं, सासष्टाव्या वर्षी विसरायची मुभा असते. पण दीड दिवसाच्या प्रवासानं तिचे पाय सुजले होते आणि एवढं ओझं आणखी पॅरिसपर्यंत परत न्यायचं तिच्या जिवावर आलं.

‘‘डांबर संपलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘कार्निव्हल होता. मी भाजलेली माती घोटून दिली तुम्हाला. त्याच डब्यात.’’

‘‘मला कळलं नाही?’’

‘‘नाही.’’

रूस्ताँ एकाएकी खिडकीच्या कडीशी खटपट करायला लागले. बातिस्तनं टोपी पुन्हा काढली.

‘‘म्हणजे पहिल्या दिवसापासून बदललं असतंस,’’ ओनेझीम एकेक शब्द जोडत म्हणाला, ‘‘तरी मला कळलं नसतं.’’

‘‘नसतं कळलं.’’

‘‘मग का नाही बदललंस?’’

‘‘मला राग आला होता,’’ फिलोमेन म्हणाली. ‘‘तुम्ही चारचौघांत हसलात. म्हटलं, बसा रस्सा ओतत. बघू कोण खरं ठरतं. मग पदक मिळालं, सगळे नाचायला लागले, आणि बोलायची वेळच गेली.’’

समितीपुढे दोनच वाटा होत्या आणि रूस्ताँनी त्या शक्य तितक्या हळुवारपणे सांगितल्या. एक तर सबंध चित्र गुंडाळून माळ्यावर टाकायचं. नाहीतर तेवढा कोपरा कापून घ्यायचा आणि वेगळ्या चौकटीत दालनात लावायचा. पण चित्रकार जिवंत आहे, तेव्हा त्याची परवानगी हवी. ओनेझीम बाकावरून उठला. ‘‘जेवून येतो,’’ एवढंच तो म्हणाला.

समोरच्या खाणावळीत त्यांच्यापुढे लसणाचं सूप आणि घेवडा घातलेलं बदकाचं मटण आलं. ओनेझीम चमचा सुपात फिरवत राहिला. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं, पॅरिसचे का, कशासाठी आलात, असं आपुलकीनं विचारलं. फिलोमेननं श्वास रोखून धरला. ‘‘असंच,’’ ओनेझीम म्हणाला. ‘‘हवापालट.’’ सूप संपत आलं तरी ते वाक्य काही आलं नाही, आणि जे चाळीस वर्षं ऐकून तिचे कान किटले होते ते न ऐकू आल्यानं तिनंही चमचा खाली ठेवला.

‘‘चाळीस वर्षं तू मला लोकांपुढे मिरवू दिलंस,’’ शेवटी तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. ‘‘वितळतंय हे माहीत असून.’’

‘‘वितळत असेल असं वाटायचं. माहीत नव्हतं.’’

‘‘सांगायचं होतंस.’’

‘‘काय सांगायचं होतं? तुमच्याकडे तेवढं एकच होतं. ते काढून घेतलं असतं तर त्या जागी मी काय ठेवणार होते?’’

त्यानं पाव मोडला, अर्धा तिच्या ताटात ठेवला आणि खायला लागला. दोघंही थकली होती. भांडायला जे अंगात बळ लागतं ते दोघांच्यात मिळून एका माणसापुरतंही उरलं नव्हतं.

‘‘मी हसलो होतो का खरंच?’’ थोड्या वेळानं त्यानं विचारलं. ‘‘मला काही आठवत नाही.’’

‘‘हसला होतात.’’

‘‘गाढव होतो,’’ तो म्हणाला. ‘‘तुला थंडी वाजत होती का गं तेव्हा? तो अंगठा बघ कसा वळलाय. मी तो नुसता काढला. विचारलं नाही.’’

‘‘मरणाची वाजत होती,’’ फिलोमेन म्हणाली, आणि तिला रडू आलं. आता या वयात, बदकाच्या मटणावर रडायचं म्हणजे हद्द झाली असं म्हणत तिनं रुमालानं नाक पुसलं.

दुपारी ते परत गेले. ओनेझीम दारातूनच म्हणाला, ‘‘कापा.’’ रूस्ताँनी मापं घेतली, खडूनं रेघ मारली. मग ते घुटमळले. मास्तरांची सही उजव्या बाजूला, काळ्यात गेली होती. या तुकड्यावर सही नव्हती. आत्ताच केली तर बरं होणार होतं. मास्तर पुन्हा कधी येणार? त्यांनी आपली शाळेतली रंगपेटी आणून उघडून ठेवली.

सही करायची तर खाली वाकायला हवं होतं. फिलोमेननं कोपर धरलं, बातिस्तनं दुसरीकडून तीन-चार धापा टाकत आधार दिला, आणि काळा कोट घातलेला ओनेझीम त्या दोन पावलांसमोर गुडघ्यांवर बसला. कुंचला उचलला. पेटीतल्या तपकिरी रंगांच्या नळ्यांवरून बोट फिरवलं. आयुष्यभर रंग निवडताना त्यानं कुणाचं तोंड पाहिलं नव्हतं. आता त्यानं मान वर केली.

‘‘फिलो, कुठला घेऊ?’’

तिनं वाकून नळ्या पाहिल्या. एक उघडून बोटांवर घासून पाहिली, बाजूला टाकली. दुसरी त्याच्या हातात दिली. ‘‘हा. तेल जास्त घालू नका.’’

सहीला वेळ लागला. अक्षरं कुत्र्याच्या शेपटाखाली, दगडाच्या कडेला, एका रेषेत आली. फिलोमेननं चष्मा पुसून वाचलं.

‘‘अहो, नावाचा ‘ओ’ राहिला. नुसतंच गारदेल झालंय.’’

‘‘राहिला नाही,’’ ओनेझीम म्हणाला. ‘‘तू पण गारदेलच ना? मग झालं तर.’’

तिनं रंगाच्या नळीचं झाकण लावलं. बातिस्त आणि तिनं मिळून त्याला उठवलं. उठल्यावर तो तिथेच उभा राहिला आणि ओल्या अक्षरांकडे संशयानं बघत राहिला.

‘‘वाळेल ना गं?’’

‘‘वाळेल.’’

‘‘किती दिवसांत?’’

‘‘आठ,’’ फिलोमेन म्हणाली. ‘‘फार तर नऊ.’’